सपाटीवर वाढलेल्या माणसानं डोंगरात घर बांधावं का? (बालाघाट की गंगथडी)

गंगथडीचा_गडी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबड आहे, सांभाळून घ्या.

मी मूळचा परभणी जिल्ह्यातला, सोनपेठ साइडचा, गाव गंगेच्या काठावर (बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, तिचा काठ म्हणजे गंगथडी). आमच्या गावात उंच म्हणावं असं काय होतं तर पडकी गढी, देवळाचा कळस आणि नदीची दरड, बस. बाकी चहूकडं काळी रानं. डोंगर म्हणजे दक्षिणेला लांब एक निळसर रेघ, ती पण रोज दिसायची नाही. रेघ जवळ आल्यासारखी दिसली की आजी म्हणायची शेणी आत घ्या रे पाऊस येतोय, आणि बऱ्याचदा यायचाही.

तर तीन वर्षांपूर्वी नोकरीनं मला नेमकं त्या रेघेवर आणून टाकलं, म्हणजे बालाघाटाच्या डोंगरावर, अंबाजोगाईला. आधी वाटलं वर्षभरात बदली मारून घेऊ. आता अशी गत झालीय की संध्याकाळी गाडी काढून मुकुंदराजाच्या समाधीकडं कडेला जाऊन बसल्याशिवाय जेवण जात नाही. परळी घाटाच्या तोंडाशी थांबलं की खाली वीज केंद्राच्या चिमण्या, त्याच्या मागं सगळी सपाटी पसरलेली. खरं सांगतो, तीस वर्षं ज्या मुलखात काढली तो मी पहिल्यांदा वरून बघितला. गावात असताना तर समोरचं उसाचं रान सोडून काही दिसायचं नाही.

आता एका ओळखीच्यानं प्लॉट दाखवलाय, गावाबाहेर उताराकडंला, तीन गुंठे, मुरमाड. बायको एका पायावर तयार आहे. पण आई-वडील येऊन चार दिवस राहून गेले आणि दोघांचं तोंड उतरलं. वडील म्हणतात साध्या दुकानाला जायचं तरी चढ-उतार, गुडघे बोलायला लागले. आई म्हणली, "सकाळी उठून कुठं बघावं तेच कळंना बघ." मी म्हणलं अगं समोर एवढा डोंगर आहे की, तर म्हणली तेच म्हणते, तो मधी येतोय.

म्हणून विचारतो, जे डोंगरात वाढलेत किंवा सपाटीवरून डोंगरात नाहीतर उलटे गेलेत त्यांनी मनापासून सांगा. नुसतं हवापाणी नाही, राहायला कसं वाटतं ते. आणि हात जोडून विनंती, "दुरून डोंगर साजरे" कुणी टाकू नका, ते सासऱ्यांनी ऑलरेडी तीनदा टाकलंय.

काळी_माती_परभणी

पहिला मीच. जगात जर्मनी अन् भारतात परभणी हे तू विसरलास का भावा? 😀 घाटावर गेला अन् पाघळला.

जोक सोड, पण मे महिन्याचं म्हणत असशील तर तुझं बरोबर आहे. आमच्याकडं पारा ४४-४५ ला गेला की दुपारी कुत्रं पण रस्ता ओलांडत नाही. पण थंडीत ये की. डिसेंबरात पहाटे रानात शाळूचं पीक कंबरेला लागतंय, पानावर दव, आणि आभाळ बघावं तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधी काय म्हणजे काय नाही. सूर्य उगवताना जमिनीतून वर निघालेला दिसतो. तुमच्या डोंगरात तो आधीच दोन पुरुष वर चढून मग तोंड दाखवणार. आणि ती ज्वारी बघ, पेरल्यावर पाऊस आला नाही तरी काळ्या रानातल्या ओलीवर निघते. हे मुरमात करून दाखवा म्हणावं. हुरडा खायला शेवटी घाटावरचेच खाली उतरतात.

तरीपण प्लॉटबद्दल एक कामाचं सांगतो, मी बांधकाम लाइनमधला आहे. काळ्या जमिनीत घर बांधणं म्हणजे जनावरावर घर बांधल्यासारखं, पावसाळ्यात फुगतं उन्हाळ्यात आकसतं. मे मध्ये आमच्या रानात भेगा पडतात त्यात कोपरापर्यंत हात जातो, मग वरच्या भिंतीचं काय होणार? म्हणून जुन्या लोकांनी शेत काळीत केलं आणि गाव पांढरीवर बसवलं, काळी-पांढरी म्हणतात ते उगंच नाही. आता पांढरी संपली, लोक काळीत प्लॉट पाडायलेत आणि दोन वर्षांत दाराची चौकट तिरपी. नीट करायचं तर मुरूम लागेपर्यंत पाया खाली न्या नाहीतर अंडररीम पाईल (तळाला फुगवलेले खोल खांब) टाका, बजेट तिथंच जातं. तुझ्या प्लॉटवर मुरूम वरच आहे, पाया स्वस्तात होईल. उतारामुळं एका बाजूला दगडी पिचिंग करावं लागंल आणि वरच्या अंगाचं पाणी कुठून येतं ते पावसाळ्यात स्वतः उभं राहून बघ, उन्हाळ्यात प्लॉट बघून इसार देऊ नको.

म्हणजे बघ, मन माझं इकडंच आहे पण इंजिनियर म्हणून तुझ्या बाजूनं मत.

डोंगरपट्टा

राम राम. मी धारूरच्या बाजूचा, वाडीवर जन्मलेला. वाचून हसू पण आलं आणि जरा राग पण आला, खरं बोलतो.

बाप्पा, तुम्ही बघताय तो डोंगर संध्याकाळचा आहे. सकाळचा वेगळा असतो. आमच्याकडं चार एकर म्हणलं तर त्यातलं दीड एकर खडक, एक एकर उतार, राहिलेल्यात टीचभर माती. पाऊस पडतो, नाही असं नाही, पण थांबत नाही. आमच्या डोक्यावरून जातो आणि खाली तुमच्या गंगथडीला जाऊन मिळतो. बिंदुसरा काय, वाण काय, सगळ्या नद्या इथं उगवतात आणि पाणी प्यायला दुसरेच. मांजरा पण आमच्याच पाटोद्याच्या डोंगरातून निघते, तिच्यावर धनेगावला धरण झालं, लातूर त्याच्यावर जगतं, आणि तुम्ही राहताय त्या अंबाजोगाईच्या नळाला पण त्याच धरणाचं पाणी येतं. २०१६ ला ते धरण आटलं तर लातूरला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आणलं, सगळ्या टीव्हीवर दाखवलं. ज्या डोंगरात ती नदी जन्मली तिथल्या वाड्यांना टँकर कधीचाच चालू होता, त्याच्या बातम्या कोण करतंय.

आणि जमीन पिकत नाही म्हणून काय होतं ते सांगतो. दसरा झाला की मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, टोळी भरायची आणि चालले खाली ऊस तोडायला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी. म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं तेवढी मागं. वाडी अशी रिकामी होते की भर दुपारी घराघराला कुलूप आणि कोंबड्या पण नाहीत. मी स्वतः सात-आठ वर्षांचा होईपर्यंत आई-बापासोबत कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहिलोय, सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यांच्या तळावर.

आता एक गोष्ट जी मी कधी कुणाला बोललो नाही. त्या तळावर सगळीकडं ऊसच ऊस, दोन पुरुष उंच, सपाट. मला दिशाच कळायची नाही. घरी असताना आमचं सगळं डोंगरावरून चालायचं, म्हणजे बारव डोंगराखाली, शाळा डोंगराला वळसा घालून, उन्हं डोंगराच्या खांद्यावर आली की शेळ्या आणायच्या. तिथं खांदाच नाही. एकदा वाढं (उसाचे शेंडे) आणायला गेलो आणि फडात चुकलो, रडून रडून आवाज बसला, बापानं संध्याकाळी हुडकून आणलं. मग पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की गाडी परतीला लागायची आणि मांजरसुंब्याचा घाट लागला की टपावर बसलेली सगळी बाया-माणसं एकदम बोलायला लागायची. तवर सगळी गप्प. हे मला आत्ता तुमचं वाचताना आठवलं.

तर डोंगर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पगार खालून येत असंल आणि नळाला पाणी असंल तर डोंगरासारखं सुख नाही. पोट डोंगरावरच भरायचं असंल तर मग बोलू.

सीताफळाचं तेवढं देवानं आम्हाला दिलंय. मुरमात, दगडाच्या सांदीत, कुणी लावलेलं नाही, कुणी पाणी घातलेलं नाही. बीडच्या सीताफळाला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालाय. ते तुमच्या काळ्या रानात आणून लावा, झाड वाढंल पण ती चव नाही यायची.

काळी_माती_परभणी

@डोंगरपट्टा भाऊ, सीताफळाला सॉरी म्हणतो. बाकी वाचून गप्प झालो.

माहूरगडची_लेक

मी उलटी केस आहे म्हणून लिहिते. माहेर किनवट-माहूर भागातलं, सासर औसा तालुक्यात. म्हणजे सागाच्या जंगलातून एकदम हरभऱ्याच्या रानात.

बालाघाटवाल्यांनी राग मानू नका पण तुमचे डोंगर मला उघडे वाटतात. आमच्याकडं डोंगर म्हणजे झाडी. मोहाची फुलं वेचायला पहाटे जायचो, त्या वासानं आजपण डोकं जड होतं. माहूरला रेणुकामातेचा डोंगर वेगळा, दत्तशिखर वेगळं, अनसूयामातेचं वेगळं, लहानपणी मला वाटायचं प्रत्येक देवाला एकेक डोंगर वाटून दिलाय आणि ज्या गावाला डोंगर नाही तिथं देव नसणार. लग्न ठरलं तेव्हा आईला विचारलं होतं, त्यांच्याकडं देव कुठं असतो गं. 🙈

सासरी आल्यावर पहिले सहा महिने मला कोणीतरी बघतंय असं वाटायचं. सपाटीवर लपायला जागाच नाही. अंगणात कपडे वाळत घातले तर तिकडं रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधल्या माणसाला दिसणार. वारा पण सरळ अंगावर येतो, कुठं अडत नाही. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणल्या, "मग बरंय की, कोण येतंय ते आपल्याला आधी दिसतंय." आणि हे मला हळूहळू कळलं. आमच्या माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) उभं राहिलं की रात्री लातूरहून येणाऱ्या शेवटच्या गाडीचे लाइट लांबूनच दिसायचे, ते बघून मी भाकरी टाकायला घ्यायचे, ह्यांचा पाय दारात पडेपर्यंत पिठलं गरम. माहेरी माणूस दारात आल्यावरच कळायचा, नाहीतर कळायचाच नाही. आजोबांना रात्री विंचू चावला तर खालच्या रस्त्यापर्यंत बाजेवर उचलून न्यावं लागलं होतं, तो चढ-उतार मी विसरले नाही.

सपाटी सेफ असते असं पण नाही हं. औसा तालुका म्हणजे किल्लारीचाच तालुका. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाट व्हायची होती. डोंगर नाही, दरी नाही, सरळ सपाट रान, आणि तरी गावंच्या गावं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा भार, झोपेत अंगावर आलं सगळं. सासूबाई अजून भिंतीजवळ बाज टाकत नाहीत. म्हणून माळवदाचं कौतुक मी केलं खरं पण आता आमचंपण स्लॅबचं आहे.

तुमच्या आईचं मात्र मला पटलं. "तो मधी येतोय" हे वाक्य मी उलट्या बाजूनं जगलेय, मला इथं मधी काहीच येत नव्हतं म्हणून करमत नव्हतं. आईंना वेळ द्या, आणि त्यांना राहायला आणायचं ते आषाढ-श्रावणात आणा, उन्हाळ्यात नको.

भूगोलाचा_तास

रिटायर्ड शिक्षक आहे, खोड जात नाही, थोडं शिकवू द्या.

गंगथडीवाल्यांना जो बालाघाट "डोंगर" दिसतो तो वर चढल्यावर कुठं असतो? वर तर परत सपाटच! अंबाजोगाईहून केजकडं जा, पठार आहे, पवनचक्क्या फिरायलेत, ज्वारी उभी आहे. म्हणजे आपल्याकडचा डोंगर हा बऱ्याचदा डोंगर नसून पायरी आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर आडवे पसरले, थंड होऊन काळा पाषाण झाला, आणि मग गोदावरीनं नि तिच्या पोरींनी तो कोरत कोरत खालची सपाटी तयार केली. म्हणून आपले माथे चपटे, हिमालयासारखे टोकदार नाहीत. देवगिरीचा किल्ला बघा, त्या डोंगराचा कडा माणसानं तासून सरळ भिंतीसारखा केलाय. वेरूळचं कैलास लेणं तर वरून खाली कोरत आणलेलं, तिथला तो सलग पाषाण नसता तर कुठलं लेणं आणि कुठलं काय.

हवेचं म्हणाल तर नियम सोपा आहे, हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश कमी. आपल्याकडं सगळ्यात वरचं लोकप्रिय ठिकाण म्हैसमाळ, ते हजार मीटरच्या थोडंसं वर, आणि पायथ्याचं संभाजीनगर साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे फरक पडून पडून तीन अंशांचा. बाकीचा गारवा वाऱ्याचा आणि मनाचा. 

आणि पावसाचं. डोंगर म्हणजे पाऊस हे समीकरण सह्याद्रीचं आहे, आपलं नाही. ढग तिकडं घाटमाथ्यावर मोकळे होतात आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर पोकळ. मराठवाड्याला वर्षाला सात-आठशे मिलिमीटर सरासरी, आणि ती सरासरीसुद्धा कागदावर, एका आठवड्यात निम्मा पाऊस पडून जातो. त्यामुळं डोंगरपट्टा यांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं, आपल्या डोंगरात राहणाऱ्याला डोंगराचा तोटा सगळा मिळतो आणि फायदा अर्धा.

डोंगरपट्टा

गुरुजी बरोबर. एक भर घालतो. २०१६ ला पाणी फाउंडेशनची गावोगाव पाणी अडवायची पहिली स्पर्धा झाली त्यात तीनच तालुके होते, त्यात अंबाजोगाई एक. तेव्हा मी सासुरवाडीला श्रमदानाला गेलो होतो, पहाटे टिकाव घेऊन चर खोदायला. मुरमात टिकाव मारला की ठिणगी उडते. पण पुढच्या पावसाळ्यात चरात पाणी उभं राहिलेलं बघितलं तेव्हा म्हातारी माणसं नुसती काठाला बसून बघत होती, उठेनात. डोंगरावर उभं राहिलेलं पाणी आम्ही कमीच बघितलंय ओ.

घाटाखालचा

सगळे एवढं सिरीयस कामून झालेत? माझं सरळ मत, डोंगर रविवारी, सपाटी सोमवार ते शनिवार. पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा बघायचा, कपिलधारला जायचं, भजी खायची, घरी यायचं. तिथं घर बांधून रोज दळण घेऊन चढ चढायचा शौक कुणाला असंल तर असो.

माहूरगडची_लेक

@घाटाखालचा दळण कोण घेऊन जातं तुमच्या घरी, तुम्ही?

घाटाखालचा

ताई मुद्द्यावर राहा 😅

काळी_माती_परभणी

एक विसरलो. सपाटीवर आणि त्यात नदीकाठी राहणाऱ्यानं पुराचं पण धरावं. पैठणच्या धरणाचे दरवाजे उघडले की आमच्याकडं पाऊस नसला तरी गंगा वर येते. २००६ चा पूर आठवतोय ना, नांदेडपर्यंत काय हाल झाले होते. सपाटीवर पाणी धावत येत नाही, चोरासारखं येतं, आधी पांदण भरते, मग खळं, मग उंबरा. तुझ्या वडिलांना विचार, त्या वर्षी कुठं होते.

गंगथडीचा_गडी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

@डोंगरपट्टा दादा, तुमचं बायकोला वाचून दाखवलं. आम्ही ज्या डोंगराकडं बघत चहा पितो त्या बाजूच्या वाडीवर जाऊन आलो काल, दहा-बारा घरं, निम्म्याला कुलूप. एका आजीनं बसायला पोतं टाकलं आणि पाणी विचारलं, ते पाणी घोटायला जड गेलं. तुमचा राग बरोबर आहे.

@काळी_माती, वडिलांना २००६ चं विचारलं. आधी म्हणले काय एवढं नव्हतं आलं. मग जेवताना स्वतःच काढलं, दोन रात्री गढीवर काढल्या होत्या सगळ्या आळीनं, जनावरं घेऊन. मी तेव्हा होस्टेलला, मला कधी सांगितलंच नव्हतं. म्हणले गावात तेवढीच एक उंच जागा. मग जरा थांबून विचारलं, तुझा तो प्लॉट रस्त्यापासून किती वर आहे?

मी काही बोललो नाही, ताटात बघत बसलो.

सध्या ठरवलंय की इसार लगेच द्यायचा नाही. एक पावसाळा त्या प्लॉटवर छत्री घेऊन उभं राहून बघतो, पाणी कुठून येतं ते. श्रावणात आईला परत आणतो. बायकोनं एक आयडिया काढलीय, घर झालंच तर आईची खोली डोंगराकडं तोंड करून नाही, खालच्या बाजूला करायची, उत्तरेला. हवा स्वच्छ असली तर तिकडून गंगेकडचा सगळा भाग दिसतो, आमचं गाव त्यातच कुठंतरी.

गुरुजी, तुम्हाला एक विचारायचं होतं, वीस-बावीस वर्षं वापरलेली दुर्बीण दुरुस्त होते का कुठं? चुलत्याची आहे, एका डोळ्यानं धूसर दिसतं.

भूगोलाचा_तास

आतल्या भिंगाला बुरशी असेल. संभाजीनगरला घेऊन या, कॅमेरा दुरुस्तीवाला ओळखीचा आहे, तो करून देतो. उघडू नका घरी.